दुसरी रेघ

"सोडू?" माळ्यावरून आवाज आला.

"मोकळं!" खालून उत्तर गेलं.

वरचा दोर सैल होणार, तेवढ्यात सुतारकाका खुर्चीवरून असे काही ओरडले, की माळ्यावरच्या पोरानं घाबरून दोराचा वेढा परत खुंटीवर आवळला. छताखाली पडदे टांगायची लोखंडी दांडी हेलकावे खात राहिली.

"कोण म्हणालं मोकळं?"

उद्याच्या नाटकासाठी सगळी पोरं संध्याकाळपासून थिएटरात राबत होती, आणि आत्ता डबे उघडून मागच्या भिंतीशी बसली होती. रंगमंचावर कोणीच नव्हतं. शेवटी विंगेतून लाइटवाला पुढे आला. हातात मोबाइल, चेहऱ्यावर अर्धं हसू.

"मी म्हणालो, काका. मोकळंच होतं की."

"बघितलंस?"

"बघायचंय काय त्यात? सगळे जेवायला बसलेत."

"मी काय विचारलं? बघितलंस का?"

"...नाही."

"दोर बांध रे वरचा. आणि खाली ये."

नेपथ्याचा ट्रक वाटेत पंक्चर झाल्याचा फोन मघाशीच आला होता, त्यामुळे हातात वेळच वेळ होता. काकांनी मोठे दिवे बंद करायला लावले. मधला एकच दिवा जळत राहिला. पोरं डबे घेऊन त्याच्याखाली येऊन बसली, कारण काका असे गप्प झाले की एकतर कोणाची तरी बिनपाण्यानं होते, नाहीतर गोष्ट निघते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कपडेपट सांभाळणारी मुलगी जरा धीट होती. ती म्हणाली, "काका, मला खरंच कळत नाही. वरचा विचारतो 'सोडू?' खालचा म्हणतो 'मोकळं'. आता खालच्याच्या ऐवजी दुसऱ्या कोणी म्हटलं, तर बिघडलं कुठे? वरच्याला ऐकू तर तेच येतं ना?"

"तेच तर बिघडतं," काका म्हणाले. "ऐकू तेच येतं."

मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

*

हे माझ्या ओळखीच्या माणसाचं. नाव सांगत नाही, आपण त्याला मास्तर म्हणू. सगळे तेच म्हणायचे. एका थिएटरात तो पडद्यामागच्या कामाचा प्रमुख होता. पडदे, दोर, शिड्या, कप्प्या, सगळं त्याच्या हुकमतीखाली. तुमच्यासारखी नवी पोरं आली की त्यांना शिकवायचा, आणि फार छान शिकवायचा. शिडी कशी धरायची, दिवा टांगला की आधी साखळी अडकवायची आणि मगच स्क्रू पिळायचा, अंधारात पायरी ओळखायला पांढरी पट्टी कुठे चिकटवायची. पोरं काहीही विचारोत, मास्तर चिडायचा नाही. एकदा एकानं विचारलं, वर चढल्यावर शिंक आली तर काय करायचं? मास्तर म्हणाला, आधी हातोडी खिशात घालायची आणि मग खुशाल शिंकायचं.

सगळ्यात शेवटी दोराचा धडा यायचा. तेव्हा मास्तर खडूची गोष्ट सांगायचा.

खडू म्हणजे त्याचा जुना सोबती. आमच्या कानावर पेन्सिल असते, त्याच्या कानावर खडूचा तुकडा असायचा, म्हणून ते नाव पडलं. अंगापिंडानं किरकोळ, पण कामाला वाघ. त्याची एक पद्धत होती. वरून काही खाली यायचं असलं, की ते जिथे टेकणार तिथे तो खाली बसून फुली मारायचा. एक रेघ, तिच्यावर दुसरी रेघ. मग उठून चारी बाजूंनी बघून यायचा, बाजूला उभा राहायचा, आणि तेव्हा कुठे म्हणायचा, "मोकळं." वस्तू टेकली, बांधाबांध झाली, की टाचेनं फुली पुसून टाकायची. आम्ही त्याची चेष्टा करायचो. म्हणायचो, अरे, तू जेवायला बसतानाही ताटाखाली फुली मारतोस का रे? तो हसायचा आणि फुली मारायचा.

तर हा खडू कसा गेला? मास्तर पोरांना सांगायचा तो असा. प्रयोग संपलेला. लाकडी कमान खाली घ्यायची होती. वर दोरावर एक म्हातारा होता, भरवशाचा माणूस. त्यानं विचारलं, "सोडू?" खालून खडूचं उत्तर आलं, "मोकळं!" म्हाताऱ्यानं सोडायला घेतलं, दोर दमट होता, शेवटचा वेढा निसटला आणि कमान सरळ खाली आली. खाली खडूच.

"एवढा सांभाळून काम करणारा माणूस," मास्तर म्हणायचा, "पण त्या रात्री घाई केलीन. स्वतःच मोकळं म्हणाला आणि स्वतःच खाली राहिला. तेव्हा पोरांनो, खडू होऊ नका."

हे इतकं रुजलं, की त्या थिएटरात तो एक वाक्प्रचारच होऊन बसला. कोणी हलगर्जीपणा केला की म्हणायचे, "काय रे, खडू व्हायचंय का?" ज्यानं जन्मभर डोळ्यात तेल घालून काम केलं, त्याचं नाव निष्काळजीपणाला पडलं. आणि ते पाडलं मास्तरनं.

कारण खरं काय होतं, ते एकट्या मास्तरला माहीत होतं.

त्या रात्री मास्तर विंगेत उभा होता. पिशवी खांद्याला लावलेली. घरी सोडणारी गाडी मागच्या दाराशी आली होती आणि गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. वरून "सोडू?" आलं. उत्तर येईना. पुन्हा "सोडू?" आलं. आणि मास्तरच्या तोंडून जांभई यावी तसं निघून गेलं, "मोकळं!" त्यानं बघितलं नव्हतं. खडू तेव्हा मधोमध खाली बसून फुली मारत होता. एक रेघ ओढून झाली होती. दुसरी ओढायची होती, म्हणून तर तो उत्तर देत नव्हता.

मास्तर धावत गेला तेव्हा खडूच्या हाताशी जमिनीवर ती एक रेघ होती. एकच. ती बघून कोणीही सांगितलं असतं, की या माणसाचं काम अर्ध्यावर होतं, हा "मोकळं" म्हणालेला नाही. आणि मास्तरनं काय केलं?

बुटानं ती रेघ पुसली.

मग लोक आले. म्हातारा माळ्यावरून रडत उतरला. म्हणाला, मला मोकळं ऐकू आलं हो. ऐकलं सगळ्यांनीच होतं. मी स्वतः मागच्या दाराशी होतो, मीही ऐकलं. तिथे आवाज असा घुमतो, की कोणाचा ते कळत नाही. उत्तर द्यायचं काम खडूचं, म्हणजे आवाज खडूचा. सगळ्यांनी तसंच धरलं. मास्तर मूग गिळून बसला. एक दिवस गप्प राहिला, मग एक वर्ष, आणि मग बोलायची वेळच निघून गेली. पुढे पुढे तर तो ती गोष्ट धडा म्हणून सांगायला लागला. का, ते विचारू नका. मला वाटतं, दुसऱ्याच्या नावावर वारंवार सांगितलं की आपल्या अंगावरचं ओझं कमी होतं, असं त्याला वाटत असावं. होत नव्हतं. रात्री दचकून उठायचा. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, पित्त झालंय.

अशी बरीच वर्षं गेली.

मग एकदा नव्या पोरांच्या तुकडीत एक मुलगी आली. फार बोलायची नाही, पण बोलली तर नेमकं बोलायची. मास्तरनं खडूची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी चुकचुक केली. ही मुलगी, ती एकटीच मास्तरला काका म्हणायची, म्हणाली, "काका, एक विचारू? ते खाली होते. वर एवढी कमान लटकलेली. खाली बसलेला माणूस स्वतःच मोकळं कसं म्हणेल?"

"घाई, पोरी. घाईत माणूस काहीही म्हणतो."

"फुली होती का तिथे?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"नव्हती," तो म्हणाला. "नव्हती, म्हणून तर म्हणतो घाई केली."

मुलगी नुसती बघत राहिली.

आता त्यानंतरच्या एका रात्रीचं सांगतो. डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेअकरा. मधल्या काळ्या पडद्याची खालची शिवण उसवली होती आणि सकाळी कार्यक्रम होता. काम किरकोळ. दांडी खाली घ्यायची, टाके घालायचे, दांडी वर. एकट्यानं दोराला हात लावायचा नाही हा नियम, म्हणून मास्तरनं कोण थांबतंय म्हणून विचारलं, तर तीच मुलगी थांबली. बाकीचे गेले. फाटकावर पहारेकरी, आत हे दोघं.

तुम्हाला सांगायला नको, माणसं गेली की थिएटर कसं होतं ते. खुर्च्या नुसत्या आपल्याकडे तोंड करून बसलेल्या असतात.

मास्तर शिडीशी आला तेव्हा मुलगी रंगमंचावर वाकून काहीतरी बघत होती.

"काका, इथे खडूची रेघ आहे."

"नाचाच्या मुलींनी ओढली असेल. पूस."

तिनं ओलं फडकं आणलं आणि पुसली. मास्तर चढायला लागला. निम्म्या शिडीवर असेल, तर खालून पुन्हा आवाज.

"काका... पुसली गेली नाही वाटतं. आहेच."

"मग घास जरा."

फडक्याचा घासल्याचा आवाज आला. मास्तर एक पायरी चढला. आवाज थांबला. आणि मुलगी, वर न बघताच, म्हणाली,

"काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. खडू माझे बाबा होते."

मास्तरचा पाय पायरीवरून सुटता सुटता राहिला.

"आमच्याकडे पोटमाळ्यावर ट्रंक होती. ती काढायची तरी बाबा आधी खाली फुली मारायचे. मी तेव्हा लहान होते. मला म्हणायचे, फुली पुसेपर्यंत त्यावर पाय नाही ठेवायचा. दुसरी रेघ ओढून झाली की ते मनगट झटकायचे, म्हणून तिला शेवटी एक शेपूट यायचं. मी त्या शेपटाला हसायचे." तिनं फडकं पिळलं. "फुली मारल्याशिवाय ते मोकळं म्हणतील, हे मला पटत नाही काका. आईलाही नाही. म्हणून मी इथे आले. बघू तरी म्हटलं, कसं झालं असेल."

मास्तरनं तेव्हा बोलायला हवं होतं. शिडीवरून उतरायचं, तिच्यासमोर बसायचं आणि सांगून टाकायचं. त्यानं मला स्वतः सांगितलं, शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण तो काय म्हणाला?

"उशीर होतोय, पोरी. काम उरकून घेऊ."

आणि वर चढला.

माळ्यावर पोचला, दोराला हात घातला, आणि दिवे गेले.

सगळे. बाहेरचा रस्त्यावरचासुद्धा.

अंधारात दोर सोडायचा नसतो. हे तो स्वतः शिकवायचा. दिवे गेले तर हात खाली, आणि आहात तिथेच बसा. पण त्याला तिथून पळायचं होतं. त्या मुलीपासून, त्या रेघेपासून, केव्हा एकदा घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतो असं त्याला झालं होतं. दोर हाताला सवयीचा होता. म्हणाला, उरकू.

"सोडू?"

"मोकळं!"

लगेच उत्तर आलं. त्यानं एक वेढा काढला. दुसरा काढला. दांडीचं वजन हातावर आलं, दोर सरकायला लागला, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

आवाज पुरुषाचा होता.

खाली तर मुलगी होती.

त्यानं दोर गच्च धरला, पण तोवर दांडी बरीच खाली गेली होती. तळव्याची साल निघाली. खुंटीवर शेवटचा एकच वेढा उरला होता. वजन ओढत होतं. पुन्हा वेढा द्यायचा तर एक हात सोडावा लागणार... आणि एक हात सोडला तर...

"पोरी?"

काही नाही.

"पोरी, कुठे आहेस? बाजूला हो!"

काही नाही. मग मागच्या दाराकडून हॉर्न वाजला. गाडीचा. दोनदा. त्या वेळी तिथे कुठलीही गाडी नव्हती. पहारेकऱ्याला नंतर विचारलं. फाटक बंद होतं.

आणि खालून, विंगेतून, पुन्हा तो आवाज.

"मोकळं!"

या वेळी त्यानं ओळखला.

आवाज खडूचा नव्हता.

त्याचा स्वतःचा होता. तरुणपणचा. जांभईसारखा. तसाच... अगदी तसाच.

"मोकळं!"

कोणी विचारलं नव्हतं. तरी उत्तर येत होतं.

"मोकळं... मोकळं..."

दोर बोटभर सरकला. मग आणखी बोटभर. हाताला कळा लागल्या. घाम फुटला, आणि घामानं तळवे घसरायला लागले. खाली मुलगी कुठे आहे ते दिसत नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता. मास्तरला तेव्हा एकच गोष्ट समजली, तो आवाज आपला आहे, आणि तो थांबवणारंही आपल्याशिवाय कोणी नाही.

"मोकळं नाही," तो म्हणाला.

आवाज थांबला.

"मोकळं नव्हतं." मास्तर रडत होता. "खडू... तू नाही म्हणालास. मी म्हणालो. विंगेतून. बघितलं नव्हतं मी. मला घरी जायचं होतं रे..."

शांत.

"आणि ती रेघ... रेघ मी पुसली."



मग खाली आवाज झाला. लाकडावर खडू ओढल्याचा.

कर्रर्र...

एकच.

आणि शेवटी, मनगट झटकल्यावर होतो तसा, टक्.

दिवे आले.

*

काकांनी पाण्याचा घोट घेतला. कोणी डब्याला हात लावत नव्हतं. लाइटवाल्याचा मोबाइल खिशात गेला होता.

"मुलगी?" कपडेपटवालीनं विचारलं. "ती कुठे होती?"

*

दांडीच्या बरोबर खाली. मधोमध. बाप बसला होता तशीच खाली बसलेली, हातात ओलं फडकं. दांडी तिच्या डोक्याच्या वर हातभर येऊन थांबली होती.

ती वर बघतच नव्हती. जमिनीकडे बघत होती.

"हलू नकोस," म्हणत मास्तरनं दोन्ही हातांनी दोर ओढून घेतला, पायानं अडवला, वेढे दिले. मग कठड्यावरून ओणवा होऊन विचारलं, "तू बोलली का नाहीस? मी हाका मारत होतो."

"मी रेघ पुसत होते. दिवे गेले आणि मला बाजूच कळेना. तुम्ही म्हणालात, सोडू? मी नाही म्हणून ओरडणार, तर तुम्हीच म्हणालात, मोकळं. मग मला आवाजच फुटेना." तिचा आवाज अगदी सपाट होता. "विचारत होता तुम्ही आणि उत्तरंही तुम्हीच देत होता. सगळं ऐकलं मी, काका. शेवटपर्यंत."

मग तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"पण मी तर एकच रेघ पुसत होते," ती म्हणाली.

मास्तरनं वरून बघितलं. पूर्ण फुली होती. पहिल्या रेघेवर दुसरी, ताजी, पांढरीफटक. आणि दुसरीच्या टोकाला शेपूट.

मुलगी बराच वेळ तिथे बसून राहिली. मग उठली. सावकाश चालत बाजूला गेली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, विंगा बघून आली, मागची भिंत बघून आली. जागेवर उभी राहिली आणि माळ्याकडे तोंड करून म्हणाली,

"मोकळं."

मास्तरनं दांडी उतरवली. दोघांनी पडद्याची शिवण घातली, एका टोकाकडून त्यानं, दुसऱ्या टोकाकडून तिनं. काम झाल्यावर तिनं टाचेनं फुली पुसली. दोन्ही रेघा गेल्या. सहज गेल्या.

सकाळी कार्यक्रमाआधी मास्तरनं सगळ्यांना बोलावलं. मीही होतो. त्याचे हात फडक्यांनी बांधलेले. रंगमंचावर मधोमध उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, आपला शब्द, आपला बूट, सगळं. मग मुलीकडे वळून हात जोडले. ती म्हणाली, "माझी माफी नका मागू. आईची मागा."

गेला बिचारा खडूच्या घरी. मी सोबत गेलो होतो. वहिनींनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मास्तरनं बोलायला सुरुवात केली आणि त्याला बोलवेना. वहिनीच म्हणाल्या, "मुलीनं सांगितलंय मला. आणि खरं सांगू का भावजी, मला तेव्हापासूनच माहीत होतं. हे कधी घाईनं बोलायचे नाहीत. मला होकार द्यायलासुद्धा आठ दिवस लावले होते."

"मग वहिनी, तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कोणाला सांगणार? सगळ्यांनी ऐकलं होतं ना."

त्यानंतर मास्तर आणखी काही वर्षं कामावर होता. ती मुलगीही होती, पुढे ती प्रमुख झाली. पण तिनं त्याला पुन्हा कधी काका म्हटलं नाही. दोघांमध्ये दोनच शब्द उरले. सोडू, आणि मोकळं. मास्तर मला म्हणायचा, खडूनं मला सोडलं असेल रे कदाचित, पण ती पोर "मोकळं" म्हणते ना, तेव्हा दर वेळी माझी मान खाली जाते. आणि गेलीच पाहिजे.

मला हे दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं. एका शब्दाचा फरक नाही.

*

काका थांबले. बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"काका," कपडेपटवालीनं हळूच विचारलं, "हे थिएटर कुठलं?"

काकांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आला बघा ट्रक."

खरंच, मागच्या दाराशी हॉर्न वाजला. दोनदा. दोघातिघांच्या अंगावर सर्रकन काटा आला, मग ते स्वतःलाच हसले आणि सामान उतरवायला पळाले. ट्रक खराच होता. ड्रायव्हर उशिराबद्दल शिव्या घालत खाली उतरला होता.

"आधी ती मघाची दांडी खाली घेऊ," काका म्हणाले. "मोठे दिवे लाव रे."

लाइटवाला बटणांच्या पेटीशी गेला. दिवे लागले. माळ्यावरच्या पोरानं पुन्हा वर चढून दोराला हात घातला. "मघाशी तू बोललास, आता तूच उभा राहा खाली," काका लाइटवाल्याला म्हणाले. "आणि या वेळी बघ."

लाइटवाला मान डोलवून रंगमंचावर गेला. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग दांडीच्या खाली बघितलं आणि तिथेच खिळला.

"सोडू?" माळ्यावरून आवाज आला.

तो उत्तर देईना.

"सोडू?"

"काका..." लाइटवाल्याचा आवाज चिरकला. "इकडे या. आपल्याकडे खडू कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हता. हल्ली खुणांना रंगीत पट्ट्या वापरतात.

सगळे हळूहळू गोळा झाले. दांडीच्या बरोबर खाली, लाकडी फळ्यांवर, खडूची ताजी पांढरी रेघ होती.

एकच.